वादळात अंग चोरणारा बोया

पोर्तुगालच्या उत्तर भागात अगुसादोरा हे गाव आहे. तिथून सुमारे 4 किलोमीटर आत, अटलांटिकमध्ये, 2023 साली एक बोया नांगरला गेला. उंची 19 मीटर, व्यास 9 मीटर, वजन 70 टनांच्या आसपास, लाटांपासून वीज करण्याची क्षमता 300 किलोवॉट. कॉरपॉवर ओशन या स्वीडिश कंपनीच्या या यंत्राचं नाव सी-4. त्याच वर्षी नोव्हेंबरात डोमिंगोस वादळ आलं. लाटा 18.5 मीटरपर्यंत चढल्या, म्हणजे सहा मजली इमारतीएवढ्या. बोया जागेवरून हलला नाही.

यात एवढं विशेष काय, हे कळायला या धंद्याचा हिशेब पाहावा लागतो. लाटेची उंची दुप्पट झाली की तिच्यातली ऊर्जा चौपट होते. यंत्राची कमाई असते रोजच्या साध्या लाटांवर. पण पोलाद, दोर आणि नांगर घ्यावे लागतात ते वर्षातल्या दोन-चार भयंकर रात्रींना पुरतील असे. त्या रात्री एका पैशाची जास्त वीज मिळत नाही, कारण जनित्राची क्षमता ठरलेली. खर्च मात्र त्यांच्याच नावावर.

समुद्राने या हिशेबाची वसुलीही केली आहे. नॉर्वेत टॉफ्टेस्टालेनच्या कड्याला लावलेलं 1985 चं लाटकेंद्र डिसेंबर 1988 च्या वादळात उखडलं गेलं. स्कॉटलंडच्या डूनरेजवळचं ‘ऑस्प्रे’ हे लाटयंत्र 1995 मध्ये समुद्रतळावर नीट बसायच्या आतच फुटलं. बास्क किनाऱ्यावरच्या मुत्रिकूमध्ये तर यंत्रं बंदराच्या बंधाऱ्यातच बसवायची होती. तिथेही बांधकाम चालू असतानाच लाटांनी भिंती फोडल्या. दुरुस्तीनंतर 2011 मध्ये ते 296 किलोवॉटचं केंद्र सुरू झालं.

समोरून टक्कर घेण्याचा नाद सोडला तो ‘पेलामिस’ या लाटयंत्राने. हा लांबलचक सांधेजोड साप लाटेकडे तोंड करून तरंगे आणि मोठी लाट आली की तिच्या माथ्यात सरळ घुसून पलीकडे निघे. 2008 मध्ये अशी तीन यंत्रं याच अगुसादोरासमोर होती. काही महिन्यांत ती परत आणली गेली, पण वादळामुळे नव्हे: सांध्यांची बेअरिंग बिघडली आणि मंदीत पैसा आटला.

सी-4 ची युक्ती आणखी चतुर आहे. तिची मूळ कल्पना स्टिग लुंडबेक या हृदयतज्ज्ञाची. बोयाला तळाशी जखडणारा दोर हवेच्या दाबाने कायम खाली ताणलेला असतो. लाट बोयाला वर उचलते, साठलेला दाब त्याला खाली ओढतो, आणि दोन्ही वेळा वीज तयार होते. पण असा ताणलेला बोया मुळात लाटेपेक्षा जलद झुलणारा. अटलांटिकच्या संथ, लांब लाटांशी त्याचा ताल जुळत नाही. म्हणून आत हवेच्या दाबावर चालणारी एक उलटी स्प्रिंग आहे. ती चालू असली की ताल जुळतो आणि छोट्या लाटेवरही बोया जोरात हलतो. वादळात तिचा जोर काढून घेतला की ताल तुटतो आणि बोया अंग चोरतो. लाट अंगावरून जाते, तो फारसा उसळत नाही. यामुळे आतला दट्ट्या आपल्या धावेच्या टोकाला आपटण्याचा धोकाही टळतो.

पवनचक्की वादळात पाती वळवून वारा सोडून देते, तोच हा प्रकार. माझ्या मते जाड पोलादापेक्षा हा मार्ग खरा, कारण पोलादाच्या शर्यतीत समुद्र हरत नाही. अर्थात एका यंत्राने एक वादळ सोसलं म्हणजे स्वस्त वीज आली असं नव्हे. चक्कीमागे चक्की उभी करत पवनऊर्जेला जो अनुभव मिळाला, तो लाटांना अजून मिळायचा आहे.

भारतात आयआयटी मद्रासने 1991 मध्ये केरळच्या विळिंजम इथे 150 किलोवॉटचं लाटकेंद्र उभारलं होतं. कोकणासाठी असं यंत्र कुणी आणलंच, तर त्याची परीक्षा वेगळी असेल. आपल्याकडे समुद्र सर्वांत जोरात असतो पावसाळ्यात, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि होड्या वर ओढलेल्या असतात तेव्हा. बिघाड झाला तर दुरुस्तीला होडी जाणार नाही. तेव्हा विकत घेणाऱ्याने किलोवॉटचा आकडा विचारण्याआधी, यंत्र जून ते सप्टेंबर माणसाच्या हाताशिवाय राहील का, हे विचारावं.