धुण्याची वाट

डिसेंबरात आइसलँडच्या रेक्याविकमध्ये सूर्य अकरा वाजून गेल्यावर उगवतो आणि साडेतीनला मावळतो. एवढ्याशा उजेडात बसची वाट बघण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी चालतच सुटले. गाव तरी केवढं! तळ्यापासून जुन्या बंदरापर्यंत दहा-बारा मिनिटं. पन्हळी पत्रा आपण छपरावर घालतो; इथे जुन्या लाकडी घरांच्या भिंतींनाही तोच, लाल-निळा रंगवलेला. पाऊस आडवा मारतो ना!

लॉयगावेगुर हा इथला हमरस्ता. लोकरी स्वेटर, पुस्तकं, कॉफी, भिंतभर रंगवलेली चित्रं. नावाचा अर्थ मात्र 'गरम झऱ्यांची वाट'. एकोणिसाव्या शतकात गावातल्या बायका, त्यातही मोलकरणी, धुण्याचं ओझं पाठीवर घेऊन लॉयगारदालुरच्या गरम झऱ्यांवर जायच्या. जाताना तीनेक किलोमीटर, येताना तेवढेच, आणि येताना धुणं ओलं. पिळलेल्या कपड्यांची बादली गच्चीवर चढवणाऱ्याला याहून जास्त सांगायला नको. १८८५च्या सुमारास रस्ता बांधायला घेतला तो त्यांच्या सोयीसाठी. झऱ्यांत पाय घसरून काही जणी भाजून मेल्या, तेव्हा कुठे पाण्यावर लोखंडी कमानी बसल्या. त्या मी पाहिल्या. जवळच आउस्मुन्दुर स्वेइन्सन यांनी घडवलेली धुणारी बाई आहे; गोलसर, जड, कामात बुडालेली.

१९३० मध्ये याच झऱ्यांच्या परिसरातलं पाणी नळाने गावात आलं, आधी एका शाळेत, मग आसपासच्या घरांत. ज्या पाण्याकडे बायका चालत जायच्या तेच चालत घरी आलं म्हणायचं. आज जवळजवळ सगळं शहर भूगर्भातल्या गरम पाण्यावर ऊब घेतं, आणि घरं तापवून कोमट झालेलं पाणी मध्यवस्तीत फुटपाथखालून फिरवतात. माझ्या बुटाखाली फरशी ओली, काळीभोर. हातभर अंतरावर घोटाभर बर्फ.

वर टेकडीवर हाट्लग्रीमुरचं चर्च. उंची ७४.५ मीटर, बांधकाम १९४५ ते १९८६. वास्तुकार गुद्योन सामुएल्सन १९५०लाच गेले. दर्शनी भागाचे उभे खांब बसाल्टच्या स्तंभांवरून सुचलेले. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिलेल्याला ते ओळखीचे वाटतील. आतून चर्च मला फारच कोरं वाटलं.

तिथून उतारावरून खाली आलं की लाइक्यार्तोर्ग चौक. २४ ऑक्टोबर १९७५ला इथे सुमारे पंचवीस हजार बायका जमल्या होत्या, आणि अख्ख्या देशाची वस्ती तेव्हा सव्वादोन लाखही नव्हती. आपल्या कामाचं मोल दिसावं म्हणून देशातल्या नव्वद टक्के बायकांनी त्या दिवशी कचेरीतलं काम सोडलं आणि घरातलंही. मासळीचे कारखाने थंडावले. बाप मुलांना घेऊन कामावर गेले. दुकानांतली सॉसेजं संपली, कारण पुरुषांना झटपट शिजवून पोरांना घालता येण्यासारखं तेवढंच होतं.