इंटरनेट, डेटा आणि परराष्ट्र व्यवहार : मुलांना कसे समजावून सांगावे?



परराष्ट्र धोरण म्हटलं की आपल्याला वाटतं, हा दिल्लीतल्या मोठ्या लोकांचा विषय. आपल्या मुलांचा त्याच्याशी काय संबंध? पण आमच्या वाकोल्याचाच नकाशा घ्या. एका बाजूला विमानतळ, दुसऱ्या बाजूला बीकेसी. विमानतळावर २०२२ साली युद्धातून सुटलेली मुलं उतरली. बीकेसीत अमेरिकेच्या वकिलातीबाहेर परदेशी शिकायला निघालेली मुलं रांगेत उभी असतात. या दोन्ही ठिकाणी मोबाईलमधल्या माहितीचा मोठा हात आहे. तो कसा, ते आज पाहूया.

मुत्सद्देगिरी म्हणजे काय?

आपापलं हित सांभाळत दोन देशांनी एकमेकांशी बोलणं, वाटाघाटी करणं म्हणजे मुत्सद्देगिरी. पुस्तकात यालाच राजनय म्हणतात. मराठेशाहीत वेगवेगळ्या दरबारांत आपले वकील असत. तिथे कोण आलं, कोण गेलं, कोणाचं कोणाशी बिनसलं, हे ते पत्रांतून पुण्याला कळवत. ती पत्रं वाचून पुढची चाल ठरायची. म्हणजे माहिती गोळा करायची, ती नीट लावायची आणि तिच्यावरून निर्णय घ्यायचा, हे काम जुनंच आहे. आज फक्त पत्रांच्या जागी लाखो लोकांच्या नोंदी आल्या आणि वेग वाढला.

डेटा विश्लेषण हा शब्द जड वाटतो, पण आपण शिक्षक त्यात मुरलेले आहोत. यू-डायस आणि सरलवर आपण एकेका मुलाची माहिती भरतो. तिच्यावरून संचमान्यता होते, पुस्तकं किती लागतील ते कळतं. एका मुलाची नोंद ही नुसती नोंद असते. हजारो नोंदी एकत्र आल्या की त्यातून निर्णय निघतो.

उदाहरण पहिले : युक्रेनमधली मुलं

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला. युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद झालं. तिथे वैद्यकीय शिक्षण घेणारी हजारो भारतीय मुलं अडकली, त्यात महाराष्ट्रातलीही होती. २६ फेब्रुवारीला रुमानियातल्या बुखारेस्टहून २१९ जणांना घेऊन पहिलं विमान मुंबईत उतरलं. या मोहिमेचं नाव ऑपरेशन गंगा. मार्चच्या मध्याला परराष्ट्रमंत्र्यांनी संसदेत सांगितलं, की सुमारे २२,५०० भारतीय परत आले आहेत.

आता विचार करा. मुलं वेगवेगळ्या शहरांत, कोणी तळघरात, कोणी रेल्वे स्टेशनवर. किती जण कुठे आहेत हे कळल्याशिवाय कोणत्या सीमेवर किती बस आणि किती विमानं पाठवायची ते ठरणार कसं? म्हणून दूतावासाने ट्विटरवर साधा गूगल फॉर्म टाकला आणि मागे राहिलेल्यांना तो तातडीने भरायला सांगितलं. नाव, पासपोर्ट क्रमांक, फोन, सध्याचा पत्ता. शाळेत आपण भरून घेतो तसलाच फॉर्म, पण इथे त्याच्यावर जीव अवलंबून होता.

सुमी शहरात जवळपास ७०० मुलं अडकली होती. आता आम्ही चालतच सीमेकडे निघतो, असा व्हिडिओ त्यांनी ५ मार्चला टाकला. तो देशभर पसरला. सरकारने त्यांना थांबायला सांगितलं. ७ मार्चला पंतप्रधान रशिया आणि युक्रेन या दोन्ही देशांच्या अध्यक्षांशी फोनवर बोलले आणि ८ मार्चला मुलं सुमीतून बाहेर पडली. नुसत्या व्हिडिओने सुटका झाली असं नाही, दोन्ही बाजूंशी बोलणी आधीपासून चालूच होती. पण मुलांची हाक घराघरात पोहोचली ती नेट चालू होतं म्हणून. युक्रेनच्या मंत्र्याने उपग्रहावरून चालणारं इंटरनेट ट्विटरवरच मागितलं आणि त्याच दिवशी ते सुरू झालं, तेही याच गरजेपोटी.

उदाहरण दुसरे : बीकेसीतली रांग

अमेरिकेची मुंबईतली वकिलात २०११ पासून बीकेसीत आहे. व्हिसाच्या अर्जात २०१९ पासून एक रकाना आहे : गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या समाजमाध्यमांवरची आपली नावं लिहा. जून २०२५ मध्ये तर विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करणाऱ्यांना आपली खाती सर्वांना दिसतील अशी उघडी ठेवायला सांगण्यात आलं. डिसेंबर २०२५ पासून नोकरीच्या एच-वन-बी व्हिसालाही हा नियम लागला.

गंमत बघा. याच अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी जानेवारी २०१० मध्ये भाषण करून इंटरनेट स्वातंत्र्य हा आपल्या परराष्ट्र धोरणाचा भाग असल्याचं सांगितलं होतं. माणूस नेटवर कोण आहे हे लपवणारं टॉर नावाचं तंत्र अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतल्या कामातूनच पुढे आलं. ज्या देशांत सरकार वेबसाइट बंद करतं, तिथले पत्रकार आणि कार्यकर्ते ते वापरतात. म्हणजे परक्या देशातल्या माणसाला मोकळं बोलता यावं म्हणून साधन द्यायचं आणि आपल्या दारात आलेल्याचं बोलणं तपासायचं, अशा दोन्ही गोष्टी एकच देश करतो.

आपणही यातून सुटलेलो नाही. गलवानच्या चकमकीनंतर २९ जून २०२० रोजी भारताने टिकटॉकसह ५९ चिनी ॲप बंद केली. देशात कुठे ना कुठे नेट बंद होत असतं. बेमुदत नेटबंदी चालणार नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० च्या निकालात सांगितलं आहे.

मग आपण काय करायचं?

दोन्ही उदाहरणांत माहिती त्याच जातीची आहे : नाव, पासपोर्ट, आपण काय लिहिलं. एकीकडे तिने मूल घरी आणलं, दुसरीकडे तिच्यावरून दार उघडायचं की नाही ते ठरतं. माहिती स्वतः चांगलीही नसते, वाईटही नसते. ती कोणाच्या हातात आहे आणि कशासाठी, हे महत्त्वाचं. म्हणून मुलांना नुसतं "मोबाईल वाईट" म्हणून भागणार नाही.

१. चौथी-पाचवीच्या वर्गात एक खेळ घ्या. प्रत्येक मूल चिठ्ठीवर राहण्याचा भाग आणि शाळेत कसं येतं ते लिहील. नाव नको. मग गट करा आणि विचारा : पाणी तुंबलं तर आधी कोणाला घरी सोडायचं? डेटा म्हणजे काय हे मुलांना आपोआप कळेल.

२. मग विचारा : हीच चिठ्ठी नावासकट अनोळखी माणसाला मिळाली तर?

३. पालकहो, मुलाचा फोटो, शाळेचं नाव, वेळापत्रक टाकण्याआधी थांबा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं म्हटलं आहे. ती संमती विचार करून द्या. आपण शिक्षकांनीही वर्गाचे फोटो टाकताना हे लक्षात ठेवावं.

४. मुलांना घाबरवून गप्प करू नका. सुमीतली मुलं बोलली म्हणून देशाने ऐकलं. जे आपण चारचौघांत आपल्या नावाने म्हणू शकतो ते नेटवरही म्हणावं, एवढं शिकवलं तरी पुष्कळ आहे.

आज चौथीत असलेलं मूल दहा-बारा वर्षांनी अशाच एखाद्या रांगेत उभं असेल. त्याच्या आयुष्याची नेटवरची वही आपण आजच लिहायला घेतली आहे. ती लिहिताना त्याला विचारायची सवय आतापासूनच लावूया.