उलट्या नदीचा हिशेब

वाशीम जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांना जाऊन मिळतो. काटेपूर्णेत उतरलेलं पाणी पूर्णा आणि तापी करत सुरतेपाशी अरबी समुद्र गाठतं. पैनगंगेत उतरलेलं वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा लांबचा प्रवास करून बंगालच्या उपसागरात पोचतं. कुठेही जावो, आमच्या जिल्ह्यात तरी ते खालीच जातं. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत मी जे पहिलं गणित शिकले, ते याच भरवशावर उभं होतं.

नाल्यात सेकंदाला २० लिटर पाणी वाहतंय, त्याचा बीओडी २ आहे. बीओडी म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू जेवढा प्राणवायू वापरतात त्याचं माप, एका लिटरला इतके मिलिग्रॅम. आता शुद्धीकरण केंद्रातून सेकंदाला १० लिटर पाणी आलं, त्याचा बीओडी २०. दोन्ही मिसळली की ४० अधिक २००, भागिले ३०, उत्तर ८. एप्रिलमध्ये नाल्यातले २० लिटर आटतात आणि उत्तर सरळ २० येतं. या हिशेबाला पेन आणि पाठकोरा कागद पुरतो.

मग नोकरीने मला चिपळूणला नेलं. फोनवर बाबांना सांगितलं की इथली नदी दिवसातून दोनदा उलटी वाहते. बाबांनी विचारलं, "मंग त्यातली घाण जाते कुठी वं?" इतका नेमका प्रश्न पुढे मला कुठल्याही बैठकीत ऐकायला मिळाला नाही.

वाशिष्ठी चिपळूणवरून खाली दाभोळ खाडीला जाते. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी नळाने आणून करंबवण्यापाशी याच खाडीत सोडतात. तिथे ते मिसळतं कसं हे समजायला एक कल्पित हिशेब करू. भरतीचा ओघ ऐन जोरात असताना सेकंदाला ६० सेंटिमीटर धरा. सहा तासांहून थोड्या जास्त वेळात पाणी सुमारे साडेआठ किलोमीटर वर चढतं आणि ओहोटीला तितकंच उतरतं. वरून येणाऱ्या गोड्या पाण्याचा रेटा सेकंदाला फक्त २ सेंटिमीटर धरा. म्हणजे १२ तास २५ मिनिटांच्या एका फेऱ्यात पाणी समुद्राकडे खऱ्या अर्थाने सरकतं ते जेमतेम ९०० मीटर. तेच पाणी नळाच्या तोंडावरून वर जातं, खाली येतं, पुन्हा वर जातं, आणि दर वेळी त्यात नवी भर पडते. साडेआठ किलोमीटरचा तो पट्टा मागे टाकायला त्याला पाचेक दिवस लागतात. तोवर ते नळासमोरून अठरा-एकोणीस वेळा गेलेलं असतं. वाशीमचं सूत्र फक्त पहिली भेट मोजतं.

त्यात भरती आणि ओहोटीच्या मधे पाणी थोडा वेळ थबकतं. त्या वेळी नळातून येणारं जागच्या जागी साचतं आणि ओघ फिरला की तो दाट ढग एकगठ्ठा निघतो. शिवाय सांडपाणी गोडं, म्हणून खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं. ते उसळून वर येतं. म्हणूनच नळाच्या टोकाला एक मोठं तोंड ठेवण्यापेक्षा अनेक लहान भोकं ठेवणं बरं. वर येता येता प्रत्येक धार आजूबाजूचं पाणी ओढून घेते आणि पातळ होते.

वाशिष्ठीची आणखी एक गंमत आहे. कोयनेचं पाणी पोफळी-अलोऱ्याच्या बाजूला वीज तयार करून याच नदीत उतरतं. कृष्णा पाणीतंटा लवादाने ठरवलेली मर्यादा वर्षाला ६७.५ टीएमसी; सरासरी काढली तर सेकंदाला साठ घनमीटर. भर मे महिन्यात इतर कोकणी नद्यांचे दगड उघडे पडलेले असताना हिला पाणी असतं. पण वीज दिवसभर सारखी लागत नाही आणि जनित्रंही सारखी चालत नाहीत. संध्याकाळी राज्यभरात दिवे लागले की इथे गोडं पाणी वाढतं. खाडीचं मॉडेल करणाऱ्याला चंद्राइतकंच विजेच्या मागणीकडेही लक्ष द्यावं लागतं. असला हिशेब मी दुसऱ्या कुठल्या नदीवर पाहिलेला नाही.

मॉडेल म्हणजे तरी काय? संगणकात खाडीचे शेकडो-हजारो चौकोन पाडायचे आणि किराणा दुकानदाराच्या वहीसारखी प्रत्येकाची आवक-जावक मांडायची: पाणी किती आलं, मीठ किती, सांडपाणी किती, आणि शेजारच्या चौकोनात किती गेलं. दर काही सेकंदांनी सगळा जमाखर्च नव्याने. समुद्राच्या टोकाला भरतीची पातळी द्यायची, वरच्या टोकाला नदीचा विसर्ग, आणि मधे तळाची खोली, मोजून घेतलेली. १९१६ मध्ये सुरू झालेली, पुण्याजवळ खडकवासल्याला असलेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळा आणि गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था असे अभ्यास करतात.

पण वही खरी की खोटी, हे पाण्यावर जाऊनच कळतं. त्यासाठी कधी रंग सोडून त्याचा माग काढतात, पण फुकटातला रंग म्हणजे मीठ. ते समुद्राकडून येतं, सांडपाणी जमिनीकडून. दोघांना ढवळणारा ओघ एकच. मॉडेलमधला खारेपणा खाडीतल्या खारेपणाशी जुळला, तर सांडपाण्याच्या उत्तरावर विश्वास ठेवायला जागा आहे. म्हणून आम्ही होडीतून खारेपणा मोजणाऱ्या यंत्राची वायर मीटर-मीटर खाली सोडत असू. वर जिभेला जेमतेम मचूळ लागणारं पाणी, आणि तीन मीटर खाली आकडा कितीतरी पट. वरचा थर समुद्राकडे निघालेला आणि खालचा अजून आत येतोय, असंही होतं. होडीवाले काका घड्याळ बघत नसत. तिथीची पाऊणपट केली की किनाऱ्यावरच्या भरतीची वेळ निघते: चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणून तीन वाजता. "पण मॅडम, ती दाभोळच्या तोंडाशी. इथवर यायला पाण्याला वेळ लागतो ना," असं म्हणून ते बिडी पेटवत. हा उशीर जुळेपर्यंत आम्ही मॉडेलमधला तळाचा खडबडीतपणा कमीजास्त करत बसायचो.

सांडपाणी ओहोटी सुरू होतानाच सोडावं, ही युक्ती जुनी आहे. लंडनच्या जोसेफ बॅझलजेटने १८६० च्या दशकात थेम्सकाठी मोठे हौद बांधले आणि शहराचा मैला त्यात साठवून ओहोटीला सोडला. तो मैला कच्चाच होता. ३ सप्टेंबर १८७८ ला प्रिन्सेस ॲलिस ही बोट नेमकी त्याच भागात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं त्या पाण्यात मेली. पुढे १८८२ मध्ये या मैल्याच्या प्रश्नावर शाही आयोग बसला. नदीत प्राणवायू किती घटतो आणि पुन्हा किती मिळतो याचं गणित मात्र अमेरिकेतल्या ओहायो नदीवर स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी मांडलं, १९२५ मध्ये. त्या गणितात प्राणवायूचा तळ, म्हणजे तो सगळ्यात कमी असण्याची जागा, नळापाशी नसते, खाली काही अंतरावर असते. ओहायोचं पाणी तिथे उलट फिरत नव्हतं. खाडीत तो तळ नळाच्या वरच्या बाजूलाही सापडू शकतो, आणि वरच्या गावच्या मच्छीमारांना हे पटवायला मॉडेल लागत नाही.

जनसुनावणीत अशा अभ्यासाचे रंगीत नकाशे भिंतीवर लावतात. नळाभोवती छोटा लाल ठिपका, बाकी सगळं निळं. तो नकाशा कोणत्या दिवसाचा आहे, हे मी आधी बघते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडी जोरात धुतली जाते, आणि अष्टमीच्या आसपास, भांगाला, पाणी जेमतेम हलतं. पावसाळ्यात तर कुठलाही नळ निर्दोष दिसेल. मे महिन्यातली अष्टमी, जनित्रं बंद, आणि सलग पंधरा दिवस चालवलेलं मॉडेल. मला तो नकाशा हवा असतो. नुसती सरासरी दाखवली असेल तर पान उलटून परिशिष्टात खारेपणाचे आलेख शोधायचे. मोजलेले ठिपके आणि मॉडेलची रेघ यांत अंतर किती, ते तिथे दिसतं. आलेखच नसतील, तर नकाशाच्या रंगांवर चर्चा करण्यात वेळ घालवू नये. आधी आलेख मागावेत, लेखी.