घरगुती मोटार : नेक्सॉन कीं ब्रेझा ?

हंगामाचा पैसा हातीं आला म्हणजे आमच्या पिपरी (मेघे) येथील शेतकरी बंधु अलीकडे मोटारीचा विचार करूं लागतात. गांव वर्धा शहरास अगदीं लागून आहे. मुलांची शाळा, बाजार समिति, सेवाग्रामचें रुग्णालय आणि महिन्यांतून एकदोनदां सुमारें ७५ किलोमीटरवरील नागपूर, एवढी घरच्या माणसांची ये-जा असते. या कामाकरितां बहुतेकांच्या तोंडीं दोन नांवें येतात : टाटांची नेक्सॉन व मारुतीची ब्रेझा. दोहोंची किंमत पुष्कळांच्या एका वर्षाच्या उत्पन्नाहून अधिक आहे. तेव्हां शेजाऱ्यानें घेतली म्हणून आपणहि घ्यावी, ही रीत येथें उपयोगाची नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, कोणती गाडी चांगली हें विचारण्यापूर्वीं आपलें वर्षाचें चालणें किती व कोणत्या रस्त्यानें, हें कागदावर मांडावें. उत्तर त्यांतूनच निघतें.

या वर्गाच्या गाड्यांस कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणतात. बांधा उभट, बैठक उंच, पण लांबी चार मीटरच्या आंत. दोन्ही गाड्या ३,९९५ मिलिमीटर लांब आहेत, आणि हें मोजमाप कराच्या नियमामुळें राखलेलें आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आंतील गाडीस, पेट्रोलचें इंजिन १,२०० घन सेंटिमीटरपर्यंत किंवा डिझेलचें १,५०० पर्यंत असल्यास, शेंकडा १८ जीएसटी पडतो. त्यापुढें शेंकडा ४०. नेक्सॉनचीं पेट्रोल व डिझेल इंजिनें (१,१९९ व १,४९७) या मर्यादेंत बसतात. २०२२ सालीं नव्या रूपानें आलेल्या ब्रेझाचें इंजिन १,४६२ चें व पेट्रोलचें असल्यानें ती वरच्या करांत जाते.

इंजिनांचा स्वभाव निरनिराळा आहे. नेक्सॉनचें पेट्रोल इंजिन तीन सिलिंडरचें असून त्यास टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून आंत हवा कोंडणारा पंखा आहे. भरल्या गाडीनें पुढचा ट्रक ओलांडतांना हा जोर कामास येतो. ब्रेझाचें इंजिन चार सिलिंडरचें, टर्बोवांचून आहे. जोर सावकाश चढतो, परंतु चाल मऊ व रचना साधी. शहरांत थांबत-थांबत हांकणाऱ्यास तें मानवतें. सामानाची जागा नेक्सॉनमध्यें ३८२ लिटर, ब्रेझांत ३२८. सीएनजीची ब्रेझा घेतल्यास टांकी या जागेंतच बसते. नेक्सॉनमध्यें दोन लहान टांक्या तळाशीं ठेवल्यामुळें ३२१ लिटर जागा उरते.

आतां एक मोठा गैरसमज. एसयूव्ही म्हटली म्हणजे ती पांदण रस्त्यानें शेतापर्यंत जाईल, असें अनेकांस वाटतें. या दोन्ही गाड्यांत इंजिनाचा जोर केवळ पुढच्या दोन चाकांस मिळतो. नेक्सॉनचा तळ जमिनीपासून २०८ मिलिमीटर उंच आहे, ब्रेझाचा सुमारें एक सेंटिमीटर कमी. खड्ड्यांच्या रस्त्यास एवढी उंची पुरते. परंतु आषाढांतील काळ्या जमिनीचा चिखल टायरच्या खांचांत भरला म्हणजे पुढचीं चाकें जागींच फिरतात, मग तळ कितीहि उंच असो. शेताचें काम ट्रॅक्टरकडे व बैलगाडीकडेच ठेवावें.

सुरक्षिततेचा विचार समृद्धि महामार्गामुळें अधिक निकडीचा झाला आहे. आपल्या जिल्ह्यांतून जाणारा हा ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्यें मुंबईपर्यंत पुरा खुला झाला. ग्लोबल एनकॅपच्या टकरीच्या परीक्षेंत २०१८ सालीं नेक्सॉनला पांच व तेव्हांच्या ब्रेझास चार तारे मिळाले. २०२४ सालीं अधिक कडक नियमांनीं नव्या नेक्सॉनला पुन्हां पांच मिळाले. हा नेक्सॉनचा खरा गुण होय. तथापि समोरच्या टकरीची ती परीक्षा ताशीं ६४ किलोमीटर वेगानें होते. महामार्गावर सपाटीस मोटारींना १२० ची परवानगी आहे, आणि त्या वेगांत आघाताची शक्ति सुमारें साडेतीनपट होते. म्हणून तारे पाहून निर्धास्त होऊं नये. मागें बसणाऱ्यांनींहि पट्टा बांधावा, लहान मूल मांडीवर न घेतां त्याच्या आसनांत बसवावें, आणि निघण्यापूर्वीं टायरची हवा तपासावी.

राहिला इंधनाचा हिशेब. ब्रेझाचें डिझेल २०२० सालीं बंद झालें; डिझेल हवें तर नेक्सॉनच. सोयीसाठीं पेट्रोल १०५ रुपये व डिझेल ९२ रुपये लिटर धरूं. पेट्रोल नेक्सॉन लिटरला १५ किलोमीटर व डिझेल २० चालते असें मानूं. वर्षास ६,००० किलोमीटर चालणाऱ्यास पेट्रोलचे ४२,००० रुपये, डिझेलचे २७,६०० लागतील. बचत १४,४०० ची. डिझेल गाडी सव्वा लाखानें महाग पडली, तर ती रक्कम फिटण्यास साडेआठ वर्षांहून अधिक काळ जाईल. वर्षास १५,००० किलोमीटर चालणाऱ्याची मात्र ती साडेतीन वर्षांत फिटेल. शिवाय नव्या डिझेल गाडींत काजळी अडविणारी जाळी असते. रोज दोन-चार किलोमीटरच चालल्यास ती तापून साफ होत नाहीं व तुंबते.

सारांश, ज्यांचें चालणें पिपरी ते वर्धा एवढेंच, त्यांनीं डिझेलच्या मागें लागूं नये; शांत चालीची आवड असेल तर ब्रेझा पहावी. ज्यांस भरल्या घरानिशीं नागपूर वा महामार्ग वारंवार गांठावा लागतो, त्यांस नेक्सॉन अधिक योग्य, आणि चालणें खरोखरीच मोठें असेल तर डिझेलची. नोंदणी, रस्ताकर व विमा धरून एकूण किंमत दोन्हींकडून लेखी घ्यावी. चालवून पाहतांना घरांतील वृद्ध माणसांस मागच्या बैठकीवर चढउतार करवून पहावें; रोज बसावयाचें तें त्यांसच आहे.