पाचवी कात

अंथुर्णे गावात खेकडा म्हणजे नीरा डाव्या कालव्याच्या चारीतला, ओल्या बिळातला. पावसाच्या तोंडाला एखाद्या खेकडीच्या पोटाखालची झडप उघडली, तर आत इवलेसे खेकडे वळवळत असतात, पाय आणि नांग्यांसकट. पिल्लं आईला खाऊन बाहेर पडतात, असं लहानपणी ऐकलेलं. ते खरं नाही. गोड्या पाण्यातल्या या खेकड्याचं सारं अळीपण अंड्यातच उरकतं, हे खरं, आणि ते जास्त नवलाचं.

खाडीतल्या चिंबोरीला ही सोय नाही. ती अंडी घालायला खोल समुद्राकडे जाते. तिची लाखो पिल्लं मिलिमीटरभराच्या, काटेरी, नांग्या नसलेल्या अळ्या म्हणून उघड्या पाण्यात सुटतात. तमिळनाडूत शिरकाळीजवळ तोडुवाईला राजीव गांधी सेंटर फॉर अ‍ॅक्वाकल्चरने त्यांची हॅचरी उभारली. सिंधुदुर्गात कांदळवनाच्या कडेला चिंबोऱ्या पाळणाऱ्या बचतगटांनाही बीज तिथूनच आणावं लागलं. एवढ्या लांबून का, याचं उत्तर टाकीतल्या थर्मामीटरवर आहे.

झोइया नावाची ही अळी चार वेळा कात टाकून वाढते. पाचव्या कातेला तिचं रूपच पालटतं. नांग्या फुटतात, ती मेगालोपा होते, आणि पुढच्या कातेला खेकडा. पाणी २८ ते ३० अंशांवर राहिलं, तर झोइया ते मेगालोपा हा प्रवास अडीच-तीन आठवड्यांत होतो. २५ अंशांवर तो रेंगाळतो, आणि रेंगाळलेला प्रत्येक दिवस म्हणजे रोगजंतूंना आणखी एक संधी. ३४ अंशांवर कात झटपट पडते, पण वाचणाऱ्या अळ्या कमी. ऊब म्हणजे वाढ, असं मला वाटायचं. इथे घाईच घात करते.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती पाचव्या कातेची. नवं अंग तयार झालेलं असतं, पण जुन्या कवचातून ते सुटत नाही आणि अळी तशीच मरते. त्यात टाकीचं पाणी दिवसा तापलं, रात्री निवलं, तर सगळ्यांची कात एका वेळी पडत नाही. पुढे गेलेल्या मेगालोपाला नव्या नांग्या असतात आणि मागे राहिलेली झोइया तिच्याशेजारीच पोहत असते. मेगालोपा त्या झोइयालाच खाते. शंभरातल्या दहा अळ्या खेकडा झाल्या तरी हॅचरी खूश असते.

म्हणून तिथला कामगार रात्री-अपरात्री उठून हीटर बघतो, वीज गेली की आधी जनरेटरकडे धावतो. पहाटे तो चंचुपात्रात टाकीतलं पाणी घेतो आणि बॅटरीच्या उजेडात धरतो. अळ्या उजेडाकडे झेपावल्या तर ठीक. तळाशी बसलेल्या तो एकेक मोजतो.