फटफटीची पडशी

फटफटी माणसाला हवे तिथे नेते, पण सामानाला मात्र जागा देत नाही. स्कूटरवर निदान पायांपुढे पिशवी ठेवता येते. मोटारसायकलवाल्याच्या नशिबी पाठीवरचे ओझे, नाहीतर हँडलला लोंबणारी थैली. ही थैली तर फारच वाईट. ऐन वळणावर ती हँडल आपल्याकडे ओढते.

बाजारात तयार बॅगा मिळतात. मात्र किंमत ऐकून प्रवासाचा बेतच रहित करावासा वाटतो. आणि सोलापूरकराने त्या का घ्याव्यात? पूर्वी घोड्याच्या पाठीवर किंवा वाटसरूच्या खांद्यावर पडशी असे : मध्ये पट्टा, दोहों बाजूंना एकेक कप्पा. फटफटीला नेमके तेच हवे. तिचे कापड आपल्या माळ्यावरच पडलेले आहे.

ते कापड म्हणजे जुनी सोलापुरी चादर. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी निघाली. पुढे गिरण्यांचे भोंगे थांबले, पण तेलंगणातून येऊन इथलेच झालेल्या पद्मशाली विणकरांच्या मागांवर चादर अजून उतरते, आणि तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. जाड सुताची दुहेरी वीण, दोन्ही बाजूंनी नक्षी. विटली तरी लवकर फाटत नाही. (नव्या चादरीला कात्री लावण्यापूर्वी घरात विचारावे, हे सांगणे न लगे.)

सहा फूट लांब व सोळा इंच रुंद पट्टी कापा. मधले बारा इंच आसनावर जातील, दोन्हीकडे चौदा इंच खाली उतरतील, चार इंचांचा तळ होईल आणि उरलेले बारा इंच वर दुमडून कप्प्याची पुढची बाजू होईल. बगलेला चार इंची पट्ट्या जोडा, वर झाकण. गाडीगाडीत फरक असतो, तेव्हा आधी सुतळीने माप घ्यावे. चादर पाणी पिते, म्हणून बाहेरून ताडपत्रीचा थर हवाच. हे सारे एकत्र आले की घरचे शिवणयंत्र रुसते. अशा जागी दाभण आणि मेणलेला दोरा, नाहीतर सरळ मोचीदादा. पट्ट्यांना जुन्या खाटेची नवार, बकलांना मुलांचे निकामी दप्तर.

इथवर काम हौसेचे. खरी काळजी पुढेच आहे. साडीचा पदर चाकात जाऊन किती अनर्थ झाले, हे आपण जाणतो. म्हणूनच मागच्या चाकाला जाळी असावी असा नियम आहे. पिशवीही पदरासारखीच चाकाकडे ओढली जाते. ज्या बाजूला जाळी नसेल, तिथे वेल्डरकडून सळईची चौकट बसवून घ्यावी. दूधवाल्यांच्या किटल्यांचे आकडे पाहा, खड्ड्यांच्या रस्त्यावरही त्या चाकाला शिवत नाहीत. दुसरा वैरी सायलेन्सर. तापलेल्या नळीला ताडपत्री टेकली की वितळते आणि खालचे सूत धुमसू लागते. चार बोटांचे अंतर राखावेच. नवारीचे टोक मोकळे सोडू नये. मागचा दिवा, वळणाचे दिवे व नंबर झाकू नयेत.

सामान दोन्हीकडे सारखे तोलावे, काटा नसेल तर हातात धरून. जड ते तळाशी. कडक भाकरी आणि शेंगाचटणी वर ठेवली तरी चालते. आपल्या भागातली ही शिदोरी जणू फटफटीसाठीच जन्मली आहे, सांडत नाही की आंबत नाही.

पहिल्याच दिवशी पंढरपूर गाठू नये. दोन्ही कप्प्यांत तीन-तीन किलो ज्वारी भरून गावाबाहेर पाच-सात किलोमीटर फिरून यावे, गतिरोधकांवरून मुद्दाम जावे. परत आल्यावर पडशीची आतली बाजू पाहावी. चाकाचा काळा ओरखडा दिसला, तर चौकट आणखी दोन इंच बाहेर घ्यायला हवी. ओरखडा नसेल, तर तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटरवर आहे.