गिटारच्या पोटात दडलंय काय?

सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार घेतलीत? झकास! विकणारा छातीठोकपणे सांगतो, ‘पिकअप इम्पोर्टेड आहेत.’ कुठले? ते त्यालाही ठाऊक नसतं. चला, आपणच छडा लावू. हत्यारं दोनच: मल्टिमीटर आणि स्क्रू ड्रायव्हर!

माहीत आहे का? पिकअप म्हणजे चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार केसासारखी बारीक, जेमतेम 0.06 मिलिमीटर. वर पोलादी तार थरथरली की कॉइलमध्ये वीज उमटते. मायकेल फॅरेडेनं 1831 मध्ये दाखवून दिलेलं हे तत्त्व आजही सोलो वाजवतंय!

आणि या पिकअपचा चुलतभाऊ छत्रपती संभाजीनगरात घरोघरी पार्किंगमध्ये उभा आहे. बाइकच्या मॅग्नेटोशेजारची पिकअप कॉइल! वाळूजला 1985 पासून बजाजचा कारखाना असलेल्या या शहरात ती कुठल्याही मेकॅनिकला विचारा. तोही मीटर लावूनच तिची नाडी बघतो. तिथं रीडिंग काही शे ओहम, गिटारमध्ये काही हजार. बस्स, एवढाच फरक.

गिटार उघडायचीही घाई नको. जॅकमध्ये केबल खोचा, व्हॉल्यूम फुल करा, सिलेक्टर एकाच पिकअपवर ठेवा. मीटरची एक पिन केबलच्या टोकाला, दुसरी मागच्या दांडीला. 6 किलोओहमच्या आसपास? बहुधा सिंगल कॉइल. 8? जुन्या वळणाचा हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप. 14 ते 16? मेटलवाल्यांचा लाडका, हाय आउटपुट! आकडा काहीच्या बाही आला, तर मागं 9 व्होल्टची बॅटरी शोधा. पिकअप ॲक्टिव्ह असणार.

पण थांबा, मे महिना आहे का? तांबं तापलं की रेझिस्टन्स वाढतो. 20 अंशांना 8 किलोओहम दाखवणारा पिकअप आपल्याकडच्या 42 अंशांत जवळपास 8.7 दाखवतो. उन्हाळ्यात ‘हॉट पिकअप’ म्हणून जादा पैसे मोजू नका!

आता स्क्रू खोला आणि पिकअप उलटा करा. चुंबकाला मीटरच्या दोन्ही पिना टेकवा. बीप वाजला तर धातू, म्हणजे बहुतेक अल्निको: ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टचं मिश्रण. चिडीचूप? मग सिरॅमिक, कारण त्यातून वीज वाहत नाही. मला विचाराल तर ही सगळ्यात भन्नाट टेस्ट!

वायरींचे रंगही चुगली करतात. चार वायरींच्या हंबकरमध्ये सेमोर डंकनची हॉट वायर काळी, डिमार्झिओची लाल.

माहीत आहे का, स्टिकरही फसवतो? गिब्सनच्या सेथ लव्हरनं हंबकरच्या पेटंटसाठी 1955 मध्ये अर्ज केला, पेटंट मिळालं 1959 मध्ये. तोवर पिकअपवर ‘पेटंट अप्लाइड फॉर’चा स्टिकर झळकू लागला होता. पुढं त्यावर नंबर आला 2,737,842. तो चक्क लेस पॉलच्या टेलपीसचा! हंबकरचा खरा नंबर 2,896,491.

उलट फेंडरच्या अ‍ॅबिगेल इबारा. 1956 मध्ये कामाला लागलेल्या या बाईंनी हातानं गुंडाळलेल्या पिकअपवरची त्यांची आद्याक्षरं आज कलेक्टर भिंग लावून शोधतात.

तेव्हा पिकअपच्या पाठीवरची खरडलेली अक्षरं पुसू नका. आणि सोल्डरिंग आयर्न हातात घ्यायच्या आधी वायरिंगचा फोटो काढून ठेवा!